ऑर्डर दोनदा का जाते आणि कनेक्शन पूल का संपतो: ओरॅकल एसओए सूटला डेटाबेस जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑर्डरची नोंद ओरॅकल डेटाबेसच्या एका टेबलात होते. दोन नोडच्या (एकत्र काम करणाऱ्या दोन सर्व्हरच्या) वेबलॉजिक क्लस्टरवर चालणारे ओरॅकल एसओए सूट १२सी, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम जोडणारे सॉफ्टवेअर, ते टेबल डेटाबेस ॲडॉप्टरने पोल करते (नवीन ओळी आल्या का ते ठरावीक वेळाने पाहते), बीपेल प्रोसेस (कामांचा क्रम चालवणारा भाग) ती ऑर्डर गोदामाच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये लिहिते आणि मग वाहतूक कंपनीच्या वेब सर्व्हिसला गाडीचे बुकिंग करायला सांगते. दुपारच्या गर्दीत काही ऑर्डरी वाहतूक कंपनीकडे दोनदा जातात, आणि त्याही एकट्यादुकट्या नव्हे तर घोळक्याने. त्याच सुमारास कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) रिकामा असल्याची एरर येते. चाचणीच्या सर्व्हरवर सुरळीत चालणारे कंपोझिट (एसओए सूटवर बसवलेले ॲप्लिकेशन) प्रत्यक्ष सर्व्हरवर कधी चालते, कधी ॲडॉप्टरच सापडत नाही म्हणते. मराठीत लिहिलेली ग्राहकांची नावे गोदामात प्रश्नचिन्हे होऊन पोहोचतात. शिवाय डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) ऑर्डरच्या टेबलात स्टेटसचा कॉलम ठेवायला राजी नाहीत, म्हणून क्रमांकावरून पोल करावे का, असेही विचारले आहे.

यातल्या पहिल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या नाहीत. तुम्ही दिलेल्या सेटिंगनुसार डिलिव्हरी पॉलिसी ‘सिंक’ आहे, बीपेलची ट्रान्झॅक्शन प्रॉपर्टी ‘रिक्वायर्ड’ आहे, एका ट्रान्झॅक्शनमधल्या ओळींची संख्या विझार्डने दिली तशी १० आहे आणि पोलिंगचे थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) वाढवून २० केलेले आहेत. या चार गोष्टी एकत्र आल्या की दुहेरी ऑर्डर आणि रिकामा पूल हे दोन्ही एकाच मुळातून निघतात. ते मूळ म्हणजे डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे कमिट म्हणजे कायम, नाहीतर सगळे रोलबॅक म्हणजे रद्द होणारे काम) उघडे ठेवून बाहेरच्या सर्व्हिसची वाट पाहणे.

एक घोळका जवळून पाहू. पहिला नोड दहा न वाचलेल्या ओळी लॉक करून उचलतो आणि एकेक ओळ बीपेलकडे देतो. डिलिव्हरी ‘सिंक’ असल्यामुळे बीपेल त्याच थ्रेडवर चालते आणि ट्रान्झॅक्शन ‘रिक्वायर्ड’ असल्यामुळे पोलिंगच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होते. सकाळी वाहतूक कंपनीचे उत्तर एका सेकंदात येते, म्हणजे दहा ऑर्डरींचे काम दहा-बारा सेकंदांत आटोपते, कमिट होते आणि कोणाला काही जाणवत नाही. दुपारी तेच उत्तर चार सेकंदांनी येऊ लागते. अठ्ठाविसाव्या सेकंदाला सात ऑर्डरी झालेल्या असतात आणि आठव्या ऑर्डरीचा कॉल चालू असतो. वेबलॉजिकच्या जेटीए (जावाच्या ट्रान्झॅक्शन व्यवस्थेतल्या) ट्रान्झॅक्शनची मूळ मर्यादा ३० सेकंदांची आहे. ती ओलांडली गेली की ट्रान्झॅक्शनवर रोलबॅकचा शिक्का बसतो. आठव्या कॉलचे उत्तर बत्तिसाव्या सेकंदाला, तेही यशस्वी, परत येते, पण तोवर कमिट करायला ट्रान्झॅक्शनच उरलेले नसते. दहाही ओळी पुन्हा ‘न वाचलेल्या’ होतात आणि पुढच्या फेरीत कोणता तरी नोड त्या सगळ्या पुन्हा उचलतो. वाहतूक कंपनीला पहिल्या आठ ऑर्डरी आधीच मिळालेल्या आहेत. एचटीटीपीवरून गेलेला कॉल डेटाबेसच्या रोलबॅकने परत येत नाही, त्यामुळे तिच्याकडे आठ बुकिंग दुहेरी होतात. दुसऱ्या फेरीतही वेग तोच राहिला तर तिहेरी होतात.

हे खरेच असे घडते आहे का, हे ताडून पाहणे सोपे आहे. दुहेरी गेलेल्या ऑर्डरींचे क्रमांक आणि वेळा शेजारी मांडा. एका घोळक्यातल्या प्रत्येक ऑर्डरीच्या पहिल्या आणि दुसऱ्या बुकिंगमधले अंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास असेल आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच वेळी ट्रान्झॅक्शनची मुदत संपल्याची नोंद असेल, तर निदान पक्के समजा. त्याच ऑर्डरी गोदामाच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही दोनदा दिसतात का, हेही पाहा. तिथेही दोनदा असतील तर त्या डेटाबेसचा डेटा सोर्स (वेबलॉजिकमधली डेटाबेसची जोडणी) ग्लोबल, म्हणजे अनेक साठ्यांवर पसरलेल्या, ट्रान्झॅक्शनच्या बाहेर राहिला आहे आणि प्रत्येक इन्सर्ट तिथल्या तिथे कमिट होतो आहे. तिथे एकदाच असतील तर तो ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, निदान बऱ्यापैकी. ‘बऱ्यापैकी’ का म्हणतो, ते पुढे येईलच.

आता पूल. ऑर्डरी तुंबू लागल्या म्हणून थ्रेड २० केले गेले, पण डेटा सोर्सची कमाल क्षमता वेबलॉजिक देते तशी १५ च राहिली. एक्सए (अनेक साठ्यांवर एकत्र कमिट होणारे) ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत कनेक्शन त्याला बांधलेले राहते. म्हणजे वाहतूक कंपनीच्या उत्तराची वाट पाहणारा प्रत्येक थ्रेड त्या सगळ्या वेळात ओरॅकलचे एक कनेक्शन काहीही न करता अडवून बसतो. पंधरा थ्रेड अडकले की सोळावा कनेक्शन मागतो, रिझर्व्ह टाइमआउटपुरता म्हणजे मूळ सेटिंगनुसार १० सेकंद थांबतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. यावर बहुतेक ठिकाणी पूल ५० किंवा १०० करण्याचा उपाय केला जातो. मी तो सुचवणार नाही. पूल प्रत्येक मॅनेज्ड सर्व्हरचा स्वतंत्र असतो, त्यामुळे शंभरची मर्यादा दोन नोडवर दोनशे सेशन होते. डेटाबेसच्या ‘प्रोसेसेस’ पॅरामीटरला ते झेपले नाही की ओआरए-१२५१९ किंवा ओआरए-०००२० या एरर येऊ लागतात आणि मग ऑर्डर घेणारे मूळ ॲप्लिकेशनही त्याच दारात अडते. किती कनेक्शन लागतील याचा हिशेब सरळ आहे: दर सेकंदाला येणाऱ्या ऑर्डरी गुणिले एका ऑर्डरीमागे कनेक्शन अडून राहण्याचे सेकंद. सेकंदाला तीन ऑर्डरी आणि अर्धा सेकंद अडवणूक असेल तर दोन कनेक्शन पुरतात. तीच अडवणूक चाळीस सेकंदांची झाली तर एकशेवीस लागतात. येणाऱ्या ऑर्डरी आपल्या हातात नसतात, अडवणुकीचा वेळ मात्र पुष्कळसा आपल्या हातात असतो.

आज संध्याकाळी करता येईल अशी मलमपट्टी म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमधल्या ओळींची संख्या १ करणे आणि थ्रेड पूलच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी, समजा आठ, ठेवणे. यामुळे एका ऑर्डरीच्या उशिराची शिक्षा तिच्यासोबतच्या नऊ जणींना होणार नाही. जेटीएची मुदत वाढवून १२० सेकंद करण्याचा मोह होईल. वाढवायची असेल तर बाकीच्या मुदतींची उतरंड सांभाळून वाढवा. बीपेलच्या अंतर्गत ईजेबींची (जावाच्या सर्व्हर घटकांची) मुदत जेटीएच्या मुदतीपेक्षा कमी असावी, उत्तराची वाट पाहणाऱ्या सिंक्रोनस प्रोसेसची मुदत त्याहूनही कमी असावी, आणि ओरॅकलचा डिस्ट्रिब्युटेड लॉक टाइमआउट, जो मुळात ६० सेकंद असतो, तो जेटीएच्या मुदतीपेक्षा जास्त असावा. हा शेवटचा मुद्दा हटकून विसरला जातो, कारण तो पॅरामीटर डीबीएंच्या ताब्यात असतो, वेबलॉजिकच्या कन्सोलमध्ये दिसत नाही, आणि बदलला तरी डेटाबेस रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. वाहतूक कंपनीच्या कॉलला स्वतःचा वाचन टाइमआउट द्या, आणि तो या सगळ्यांपेक्षा लहान असू द्या.

खरा उपाय मात्र काम दोन टप्प्यांत तोडण्याचा आहे. पहिल्या टप्प्याने ऑर्डरची ओळ वाचावी, ती टिकाऊ क्यूमध्ये (संदेशांच्या रांगेत) टाकावी, ओळीवर ‘वाचली’ अशी खूण करावी आणि कमिट करून मोकळे व्हावे. यात बाहेरचे कोणीच नाही, त्यामुळे हे ट्रान्झॅक्शन काही मिलिसेकंदांचे असते. दुसऱ्या टप्प्याने क्यूमधून एकेक संदेश घेऊन गोदाम आणि वाहतूक ही कामे करावीत. क्यू म्हणून वेबलॉजिकचा जेएमएस (जावाची संदेशसेवा) चालेल, ओरॅकलचे ॲडव्हान्स्ड क्यूइंगही चालेल. डिलिव्हरी पॉलिसी पुन्हा मूळच्या ‘असिंक पर्सिस्ट’वर नेली तरी काहीसा असाच परिणाम मिळतो, कारण मग संदेश आधी एसओए सूटच्या स्वतःच्या डेटाबेसमधल्या डिलिव्हरी टेबलात जमा होतो आणि पोलिंगचे ट्रान्झॅक्शन तिथेच संपते. छोट्या कामासाठी तेवढे पुरते. तुमच्या कामासाठी मी स्पष्ट दिसणारी क्यू पसंत करीन, कारण वाहतूक कंपनी बंद पडली तर क्यूचा उपभोक्ता थांबवून ठेवता येतो, साचलेल्या संदेशांची संख्या एका नजरेत दिसते आणि दुरुस्तीनंतर किती वेगाने निचरा करायचा हे ठरवता येते. डिलिव्हरी टेबलात अडकलेल्या संदेशांची रिकव्हरी हा अनुभवी ॲडमिनलाही घाम फोडणारा प्रकार आहे.

पहिल्या टप्प्यात एक्सए लागतोच. ऑर्डरचा डेटाबेस आणि क्यू, किंवा एसओएचा डेटाबेस, अशा दोन साठ्यांमध्ये एकाच वेळी बदल होतो आहे. एक्सए नसेल तर दोन कमिटच्या मधल्या फटीत सर्व्हर पडला की ऑर्डर एकतर दुहेरी होईल किंवा हरवेल. यासाठी ॲडॉप्टरच्या कनेक्शन फॅक्टरीत ‘एक्सए डेटा सोर्स नेम’ आणि ‘डेटा सोर्स नेम’ या दोन प्रॉपर्टी आहेत, आणि त्यांतली नेमकी एकच भरायची असते. एक्सए डेटा सोर्सचे नाव चुकून दुसऱ्या खान्यात पडले तर डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शनमध्ये कनेक्शनवर कमिट करता येणार नाही अशी एरर येते. ही एरर त्रासदायक असली तरी प्रामाणिक आहे. याच्या उलट अदलाबदल जास्त घातक असते, कारण ग्लोबल ट्रान्झॅक्शनला पाठिंबा न देणारा डेटा सोर्स एक्सएच्या खान्यात बसला तर कोणतीही एरर येत नाही, फक्त रोलबॅक चालत नाही, आणि ते महिन्याअखेरीस हिशेब जुळेनासा झाल्यावर कळते.

क्लस्टरमध्ये दोन्ही नोड एकच टेबल पोल करतात, तेव्हा ‘डिस्ट्रिब्युटेड पोलिंग’ची खूण केलेली असलीच पाहिजे. ती केली की ॲडॉप्टर ओरॅकलवर ‘सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरतो, म्हणजे एका नोडने लॉक केलेल्या ओळी दुसरा नोड वाट न पाहता ओलांडून पुढे जातो. हीच सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.५ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रीडपास्ट’ ही सूचना तेच काम करते. म्हणून हा विचार केवळ ओरॅकलपुरता नाही. कॅमल, म्यूल यांसारख्या इंटिग्रेशनच्या साधनांना किंवा हाताने लिहिलेल्या जावा सर्व्हिसलाही तो तसाच लागू पडतो. पोलिंगच्या वेगाबाबत एक गैरसमज मला वारंवार भेटतो: मध्यांतर ५ सेकंद आणि ट्रान्झॅक्शनमध्ये १० ओळी, म्हणजे पाच सेकंदांत दहाच ऑर्डरी उचलल्या जातील. तसे होत नाही. टेबलात ओळी शिल्लक असेपर्यंत ॲडॉप्टर एकामागून एक ट्रान्झॅक्शन करत राहतो आणि टेबल रिकामे झाल्यावरच मध्यांतराची विश्रांती घेतो. तासाभराच्या बिघाडानंतर साचलेल्या हजारो ऑर्डरी तो एका दमात पुढे ढकलतो आणि पुढची सिस्टिम कोलमडते. हा ओघ बांधायचा असेल तर एका मध्यांतरात किती ओळी, याची वेगळी प्रॉपर्टी आहे. ती भरा.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर आणि वाहतूक कंपनी यांच्या बाबतीत, मी एक्सएच्या मागे लागणार नाही. एसक्यूएल सर्व्हरवर जावामधून एक्सए चालवायचे तर विंडोजची ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर सर्व्हिस चालू हवी, जेडीबीसीच्या एक्सए प्रोसिजर डेटाबेसवर बसवलेल्या हव्यात आणि वापरकर्त्याला त्यांचा रोल हवा. गोदामाचा डेटाबेस दुसऱ्या विभागाचा किंवा पुरवठादाराचा असेल तर ही परवानगी मिळवण्यात आठवडे जातात. म्हणून बरेच जण डेटा सोर्सवर ‘इम्युलेट टू-फेज कमिट’ निवडतात. तो पर्याय नावाप्रमाणे नक्कल करतो: तयारी आहे का असे विचारल्यावर काहीही न तपासता होकार देतो आणि खऱ्या कमिटच्या वेळी जे होईल ते होईल. वर मी ‘बऱ्यापैकी’ म्हटले ते यामुळे. त्यापेक्षा ‘लॉगिंग लास्ट रिसोर्स’ भक्कम आहे, कारण वेबलॉजिक आपला निर्णय त्याच डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलात त्याच लोकल कमिटमध्ये लिहितो. मात्र एका ट्रान्झॅक्शनमध्ये असा एकच डेटा सोर्स चालतो आणि ते टेबल तिथे बनवू द्यावे लागते.

एवढे करूनही वाहतूक कंपनीची वेब सर्व्हिस ट्रान्झॅक्शनमध्ये येणार नाहीच. तेव्हा संदेश कधीतरी दुसऱ्यांदा जाईल हे गृहीत धरून, दुसऱ्यांदा गेला तरी परिणाम एकदाच व्हावा अशी व्यवस्था करणे हाच टिकणारा मार्ग आहे. गोदामाच्या टेबलावर ऑर्डर क्रमांक आणि आवृत्ती यांचा युनिक इंडेक्स घाला. दुसरा इन्सर्ट आला की एसक्यूएल सर्व्हर २६०१ किंवा २६२७ क्रमांकाची एरर देईल. बीपेलमध्ये ही एरर पकडून ‘काम आधीच झाले आहे’ असा तिचा अर्थ लावा आणि पुढे जा, ती रिट्रायच्या फेऱ्यात जाऊ देऊ नका. ॲडॉप्टरची ‘मर्ज’ ही क्रिया इथे सोयीची वाटते, पण ती आधी ओळ आहे का ते पाहते आणि मग इन्सर्ट किंवा अपडेट ठरवते. दोन थ्रेड एकाच क्षणी पाहू शकतात, त्यामुळे युनिक इंडेक्सची जागा ती घेऊ शकत नाही. वाहतूक कंपनीला ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणून पाठवा आणि त्याच संदर्भाची दुसरी विनंती आल्यास पहिलेच बुकिंग परत द्यावे, असे त्यांच्याकडून लेखी घ्या. ते त्यांना शक्य नसेल तर आपल्याकडे रवानगीची नोंदवही म्हणून एक टेबल ठेवा. कॉल करण्याआधी ‘पाठवत आहे’ अशी नोंद वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करा आणि उत्तर आल्यावर ‘पाठवले’ करा. मध्येच सर्व्हर पडला तर ‘पाठवत आहे’ या अवस्थेत अडकलेल्या ऑर्डरी आपोआप पुन्हा पाठवायच्या नाहीत. वाहतूक कंपनीकडे आधी चौकशीचा कॉल करायचा आणि बुकिंग नसल्याची खात्री झाली तरच पाठवायचे.

रिट्रायचे धोरण एररचा स्वभाव पाहून ठरवा. लिसनर मिळत नाही, नेटवर्क तुटले, डेडलॉक झाला, या एरर वेळ गेला की सुटतात. त्यांना वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न योग्य आहे. युनिक किंवा नॉट नल मर्यादेचा भंग, कॉलममध्ये न मावणारी किंमत, या एरर शंभरदा प्रयत्न केला तरी तशाच येणार. त्यांना पहिल्याच फटक्यात बाजूला काढून माणसासमोर ठेवावे.

आता डीबीएंचा आक्षेप आणि क्रमांकावरून पोल करण्याचा विचार. शेवटचा वाचलेला क्रमांक एका बाजूच्या टेबलात ठेवायचा आणि त्यापुढच्या ओळी उचलायच्या, ही पद्धत ॲडॉप्टरमध्ये उपलब्ध आहे, मूळ टेबलाला हात लावत नाही म्हणून आकर्षकही दिसते. ऑर्डरीसाठी ती वापरू नका. सीक्वेन्समधून (क्रमाने आकडे देणाऱ्या डेटाबेसच्या सोयीतून) क्रमांक मिळतो तो क्षण आणि कमिट होतो तो क्षण वेगळे असतात. समजा १००१ क्रमांकाची ऑर्डर भरणारा ऑपरेटर फोनवर बोलत थांबला आहे आणि त्याचे ट्रान्झॅक्शन उघडे आहे. दरम्यान १००२ कमिट झाली, ॲडॉप्टरने ती वाचली आणि शेवटचा क्रमांक १००२ असा नोंदवला. नंतर १००१ कमिट झाली तरी ती कायमची मागे राहिली. रॅक (एकाच डेटाबेसवर अनेक इन्स्टन्स चालवणारी ओरॅकलची रचना) असेल तर हे अपवादाने नव्हे, रोजच घडेल, कारण प्रत्येक इन्स्टन्स सीक्वेन्सचे क्रमांक स्वतःपुरते आगाऊ काढून ठेवतो, मूळ सेटिंगनुसार वीस-वीस, आणि मोठा क्रमांक आधी टेबलात येणे ही नेहमीचीच बाब होते. ‘शेवटचा बदल’ या वेळेच्या कॉलमवरून पोल केले तरी भोक तेच राहते.

डीबीएंचा आक्षेप मात्र रास्त आहे. ऑर्डरच्या मुख्य टेबलावर इंटिग्रेशनने सतत अपडेट करत राहणे, त्यावर एक जादा इंडेक्स लादणे आणि लॉक धरणे हे त्यांनी का सोसावे? मधला मार्ग आउटबॉक्स टेबलाचा आहे. ऑर्डरचे ॲप्लिकेशन, किंवा ते बदलता येत नसेल तर ट्रिगर (टेबलात बदल होताच आपोआप चालणारा कोड), ऑर्डर लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्समध्ये एक छोटी ओळ टाकतो: ऑर्डर क्रमांक, आवृत्ती, वेळ. ॲडॉप्टर फक्त आउटबॉक्स पोल करतो आणि वाचून झालेली ओळ सरळ डिलीट करतो. टेबल कायम लहान राहते, स्टेटस कॉलमची गरजच उरत नाही आणि ऑर्डर व संदेश एकाच लोकल कमिटमध्ये बांधले जातात. ऑर्डरचा तपशील वाचण्यासाठी डीबीएंकडून एक व्ह्यू (हवे तेवढेच कॉलम दाखवणारी तयार क्वेरी) मागून घ्या आणि एसओएच्या वापरकर्त्याला व्ह्यू वाचण्याची आणि आउटबॉक्समधून वाचण्याची व डिलीट करण्याची परवानगी द्या, त्यापलीकडे काही नको. विझार्डमध्ये मूळ टेबले थेट आयात करून पंधरा नात्यांचे मॅपिंग तयार करणे पहिल्या दिवशी सोपे वाटते. नंतर कोणी एका कॉलमची लांबी बदलली की त्याचा हिशेब कंपोझिटमध्ये द्यावा लागतो.

व्ह्यूऐवजी ते पॅकेजमधली प्रोसिजर देणार असतील तर उत्तमच, फक्त तिच्या पोटात कमिट नाही हे वाचून खात्री करा. एक्सएखाली कमिट करणारी प्रोसिजर ओआरए-०२०८९ देते. त्यावर कोणीतरी ऑटोनॉमस (स्वतंत्रपणे कमिट होणाऱ्या) ट्रान्झॅक्शनची ओळ टाकून एरर घालवतो. एरर जाते खरी, पण मग आपले ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तरी प्रोसिजरने लिहिलेले तसेच मागे उरते.

तिसरी तक्रार, म्हणजे ॲडॉप्टर न सापडणे, ही नावांच्या साखळीची आहे. कंपोझिटमधल्या जेसीए फाइलमध्ये (ॲडॉप्टरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कनेक्शन फॅक्टरीचे जेएनडीआय नाव, म्हणजे सर्व्हरवर ती शोधण्याचे नाव, असते. ते नाव डेटाबेस ॲडॉप्टरच्या डिप्लॉयमेंट प्लॅनमध्ये नोंदलेले असावे लागते. तिथे डेटा सोर्सचे जेएनडीआय नाव असते, आणि डेटा सोर्समध्ये डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड. या साखळीमुळेच चाचणी आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर एकच कंपोझिट चालू शकते: नावे दोन्हीकडे सारखी, फक्त डेटा सोर्समधला पत्ता वेगळा. तुमच्या लॉगमधली १२५१० क्रमांकाची जेसीए एरर सांगते की दुसरी कडी तुटली आहे. ‘कधी चालते, कधी नाही’ म्हणजे ती एका नोडवर जुळलेली आहे आणि दुसऱ्यावर नाही. बहुतेक प्लॅनची फाइल पहिल्या नोडच्या स्थानिक डिस्कवर पडलेली असेल. ती दोन्ही नोडना दिसणाऱ्या सामायिक डिस्कवर ठेवा किंवा दोन्हीकडे अगदी त्याच पथावर कॉपी करा, आणि कन्सोलमधून ॲडॉप्टरचे डिप्लॉयमेंट ‘अपडेट’ करायला विसरू नका. नुसती फाइल बदलून काही होत नाही. डेटा सोर्सचे लक्ष्य क्लस्टर आहे की एकटा सर्व्हर, हेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

डेटा सोर्स उघडलेलाच असेल तर आणखी दोन गोष्टी. सकाळची पहिली ऑर्डर तुटलेल्या कनेक्शनच्या एररने पडत असेल तर मधल्या फायरवॉलने रात्री निष्क्रिय कनेक्शन गुपचूप कापलेली असतात. ‘टेस्ट कनेक्शन्स ऑन रिझर्व्ह’ चालू करा. दुसरी गोष्ट डीबीएंच्या सोयीची: त्यांना सगळी सेशन ‘जेडीबीसी थिन क्लायंट’ याच नावाने दिसतात, त्यामुळे लॉक कोणी धरला हे कळत नाही. ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीत सेशनचे प्रोग्राम नाव देता येते. प्रत्येक डेटा सोर्सला ओळखू येईल असे नाव द्या, भांडणे निम्मी होतील.

मराठी नावांची प्रश्नचिन्हे कुठे होतात, हे आधी शोधा. एसओएमधून जाणारा एक्सएमएल यूटीएफ-८ मध्ये असतो, तिथे सहसा बिघडत नाही. बिघडते ते कोणत्या तरी टोकाला. ओरॅकलमध्ये त्या कॉलमवर ‘डंप’ फंक्शन १०१६ या पर्यायासह चालवा. यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या देवनागरीचा प्रत्येक संकेत ई०-ए४ किंवा ई०-ए५ या बाइटांनी सुरू होतो. तिथे ३एफ दिसले तर ते साठवलेलेच प्रश्नचिन्ह आहे, आणि मूळ नाव आता कोणत्याही सेटिंगने परत येणार नाही. ओरॅकलकडे नाव शाबूत असेल तर गोदामातला कॉलम ‘व्हारचार’ आहे का पाहा. त्याचे कोलेशन (अक्षरसंच आणि अक्षरांचा क्रम ठरवणारे सेटिंग) पश्चिम युरोपीय असेल तर देवनागरी तिथे मावूच शकत नाही. तो ‘एनव्हारचार’ करावा लागेल. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशनचा पर्यायही आहे.

लांबीचाही विचार याच वेळी करा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये ते दहा संकेतांचे आहे आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक संकेताला तीन बाइट, म्हणजे तीस बाइट. ओरॅकलमध्ये लांबी वेगळी सांगितली नाही तर बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे ५० लांबीच्या कॉलममध्ये या नावापुढे जरा लांब आडनाव आले की ओआरए-१२८९९ येते. कॉलम जाहीर करताना लांबी ‘चार’मध्ये द्या. गोदामाच्या टेबलातला ऑर्डर क्रमांक मात्र ‘व्हारचार’च असेल तर उलटी काळजी घ्या: मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर मूळ सेटिंगनुसार मजकूर युनिकोड म्हणून पाठवतो, दोन्ही बाजूंचे प्रकार जुळत नाहीत, आणि काही कोलेशनमध्ये इंडेक्सचा नेमका शोध टळून सगळा इंडेक्स चाळला जातो. तुमच्या दुपारच्या उशिरात याचाही वाटा असू शकतो. गोदामाच्या डीबीएंना त्या क्वेरीचा प्लॅन दाखवायला सांगा.

हे सगळे बदल प्रत्यक्ष सर्व्हरवर नेण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करा. चाचणीच्या क्लस्टरवर वाहतूक कंपनीच्या जागी मुद्दाम चार ते चाळीस सेकंद उशीर करणारी खोटी सर्व्हिस बसवा, काही हजार ऑर्डरी सोडा, आणि ओघ चालू असताना एका नोडचा प्रोसेस ‘किल -९’ने मारा. नीट बंद करू नका, माराच. तो पुन्हा उठल्यावर डेटाबेसमधली प्रलंबित डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शनची यादी पाहा. तिथे ओळी अडकून राहिल्या आणि ओआरए-०१५९१ येऊ लागली तर डेटा सोर्सच्या वापरकर्त्याला प्रलंबित ट्रान्झॅक्शन वाचण्याची परवानगी नाही किंवा वेबलॉजिकचा ट्रान्झॅक्शन लॉग सामायिक साठ्यावर नाही, यांपैकी एक तपासा. शेवटी ऑर्डरचे टेबल, गोदामाचे टेबल आणि खोट्या सर्व्हिसने नोंदवलेले संदर्भ हे तिन्ही क्रमांकवार जुळवा. गोदामाच्या टेबलात एकही क्रमांक दुहेरी नसावा, तिन्हींत एकही गळालेला नसावा, आणि खोट्या सर्व्हिसकडे एखादा संदर्भ दोनदा आला असेल तर तिने दोन्ही वेळा तोच बुकिंग क्रमांक परत दिलेला असावा.